आधी साईडवॉल, मग रिम

गाडीचं वजन रबर पेलत नाही; रबराच्या आत कोंडलेली हवा पेलते. वेगवान गाडीला मोठी मॅगव्हील बसवायला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी मनात पक्की करावी, कारण चाकाच्या मापाचे सगळे हिशोब शेवटी त्या हवेपाशीच येतात. बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की हवेची जागा कमी होते. मग कमी हवेत तेवढंच वजन, तेवढाच खड्डा आणि तेवढंच ऊन झेलायचं असतं. पुण्या-मुंबईच्या दुकानात जे माप शोभतं, ते धुळे-जळगावच्या रस्त्यावर आणि मे महिन्यात टिकेलच असं नाही.

धुळं हे रस्त्यांचं गाव आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर, म्हणजे जुने ३ आणि ६ नंबरचे महामार्ग, इथे एकमेकांना छेदतात. नव्या आकड्यांत ५२, ५३ आणि ६०. घराबाहेर पडलं की पंधरा मिनिटांत चौपदरी रस्ता लागतो, त्यामुळे एमएच-१८ आणि एमएच-१९ च्या तरुणांना वेगाची ओढ लागणं साहजिक आहे. फेरारी, पोर्शे इथे बहुधा जाताना दिसतात, मुक्कामाला नसतात. इथल्या तरुणाची स्पोर्ट्स कार म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटीसारखी छोटी, चपळ गाडी. चाकणच्या कारखान्यात बनलेली ही गाडी २०१३ साली आली; १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, म्हणून ज्यांच्या दारात आहे ते तिला जिवापाड जपतात. टायर झिजले की त्यांच्यापुढे एकच प्रश्न येतो: पंधरा, सोळा की सतरा? तीच गाडी समोर ठेवून बोलू. हिशोब कुठल्याही गाडीला लागू आहे.

पोलो जीटीच्या सुरुवातीच्या टायरवर १८५/६० आर १५ ८४एच असं लिहिलेलं असे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी, १५ हा रिमचा व्यास इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिहेरी कारभार असल्यामुळे माणूस गोंधळतो आणि सोपा आकडा, म्हणजे रिमचा, तेवढा लक्षात ठेवतो. खरं महत्त्व त्या मधल्या टक्क्यांना आहे. ८४ हा भाराचा आकडा: एक टायर ५०० किलो पेलतो. एच हा वेगाचा: ताशी २१० किलोमीटरपर्यंत.

आता बेरीज करू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची साईडवॉल, १११ अधिक १११, मिळवली की पूर्ण चाक ६०३ मिलिमीटरचं होतं. नंतरच्या पोलो जीटीला कंपनीने १९५/५५ आर १६ दिले. त्याचा हिशोब ६२१ मिलिमीटरच्या जवळ जातो, म्हणजे चाक ३ टक्क्यांनी मोठं. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर मोजत नाही. त्यामुळे जुन्या गाडीवर हे चाक चढवलं तर काट्याने १०० दाखवलं की चाक प्रत्यक्षात १०३ च्या वेगाने पळत असतं. गिअरही तेवढेच लांबतात, उचल किंचित मंदावते. फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा असा जो नियम टायरवाले सांगतात, त्याच्या अगदी काठावर हा बदल बसतो. पण त्यात माझ्या मते एक गोष्ट फार शहाणपणाची आहे: साईडवॉल १११ वरून १०७ झाली, म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर गेली.

सतरा इंची चाकाचं गणित कागदावर याहून सुंदर दिसतं. २१५/४० आर १७ हे माप घ्या: ४३१.८ अधिक दोन वेळा ८६, म्हणजे ६०३.८. मूळ चाकाशी एक मिलिमीटरचाही फरक नाही! स्पीडोमीटर बरोबर, गिअर बरोबर, चाक कमानीत भरलेलं, टायर रुंद. दुकानदार मोबाईलवर हा हिशोब दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्या हिशोबात न दिसणारी गोष्ट अशी की साईडवॉल १११ ची ८६ झाली. २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच उशी गेली.

तो इंच नेमका कुठे लागतो ते बघू. खान्देशातली जमीन काळी, कपाशीची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता खालून हलत राहतो, डांबराला लाटा येतात, कडा तुटतात, आणि खड्डा पडतो तो बशीसारखा उतरत न जाता उभ्या काठाचा. चाक त्या खड्ड्यात उतरताना फारसं काही होत नाही. बाहेर येताना पुढच्या काठावर आदळतं. टायर तिथे आत दबत जातो. साईडवॉल उंच असेल तर हवा दाबली जाते, धक्का पसरतो आणि चाक काठावर चढून जातं. साईडवॉल बुटकी असेल तर हवेचा पल्ला संपतो, आणि खड्ड्याचा काठ व रिमची कड या दोन कठीण गोष्टींच्या मध्ये रबर चिमटलं जातं. त्या क्षणी आतले धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, हवाही जात नाही. दोन-चार दिवसांनी गाडी धुताना साईडवॉलवर लिंबाएवढा फुगा हाताला लागतो. तो टायर संपला. त्याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. फक्त तो फुटायची वेळ ठरायची बाकी असते. बऱ्याचदा सोबत रिमही वाकते आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं.

मोठी रिम म्हणजे वेगवान गाडी, हे समीकरण तसं जुनंही नाही. सत्तरच्या दशकात पिरेलीने लॅन्शिया स्ट्रॅटॉस या रॅलीच्या गाडीसाठी पी७ हा बुटका टायर घडवला आणि तो पोर्शे ९११ टर्बोपर्यंत पोचला. तेव्हाच्या त्या जगप्रसिद्ध गाडीची मापं होती पुढे २०५/५० आणि मागे २२५/५०, आणि रिम १५ इंची! आपल्या पोलोएवढीच. फॉर्म्युला वनच्या गाड्या तर २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर धावत होत्या. १८ इंची रिम तिथे २०२२ मध्ये आली. स्पोर्ट्स कारच्या रिमा वाढल्या त्याचं मोठं कारण ब्रेक आहे. आजच्या पोर्शे ९११ कॅरेरा एसची पुढची ब्रेक डिस्क ३५० मिलिमीटरहूनही मोठी असते. ती आणि तिचं कॅलिपर मावायचं तर छोटी रिम चालतच नाही. म्हणून पुढे २४५/३५ आर २० आणि मागे ३०५/३० आर २१. पण हिशोब करून बघा: त्या गाडीची मागची साईडवॉल ९१ मिलिमीटरच्या वर आहे. टक्का ३० असूनही, रुंदी ३०५ असल्यामुळे. म्हणजे अडीचशे-तीनशेच्या वेगासाठी बांधलेल्या पोर्शेच्या मागच्या टायरमध्ये जेवढी उशी आहे, तेवढीसुद्धा २१५/४० आर १७ वाल्या पोलोत उरत नाही.

फोक्सवॅगननेच याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. १९२ अश्वशक्तीची पोलो जीटीआय २०१६ मध्ये भारतात आली. परदेशात ती १७ इंची, २१५/४० टायरवर विकली जात होती. भारतात ती १६ इंची चाकांवर उतरवली. जिच्यापाशी जवळजवळ दुप्पट ताकद आहे तिला इथल्या रस्त्यावर सोळा पुरते, तर जीटीला सतरा कशाला?

आता उन्हाकडे येऊ, कारण खान्देशात टायर खड्ड्यापेक्षा उन्हाने जास्त मरतो असं माझं मत आहे. ऊन एकटं मात्र काही करत नाही. कमी हवा त्याला साथ देते. ताशी १०० च्या वेगाला ६०३ मिलिमीटरचं चाक सेकंदाला जवळजवळ १५ फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात साईडवॉलचा प्रत्येक भाग रस्त्याजवळ येताना वाकतो आणि वर जाताना सरळ होतो. धुळ्याहून नाशिकपर्यंतच्या दीडशे किलोमीटरमध्ये हे सुमारे ८० हजार वेळा घडतं. लोखंडी तार दोन्ही बाजूंना वाकवत राहिली की बोटांना चटका बसतो, तसंच रबर आतून तापतं. हवा कमी असेल तर वाकणं वाढतं, वाकणं वाढलं की उष्णता वाढते. बाहेर हवा ४४ अंशांवर आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असताना ही उष्णता जायला जागा सापडत नाही. मग लळिंगचा घाट उतरल्यावर सरळ रस्त्यावर, काहीही आडवं आलेलं नसताना टायर फुटतो, आणि लोक म्हणतात उन्हाने फुटला.

इथे एक सवय मोडायला हवी. हायवेवरून आल्यावर पंपावर हवा तपासली, मीटरने ३८ दाखवलं, आणि 'गरमी आहे, काढून टाक' म्हणून ३३ करून घेतली, असं उन्हाळ्यात सर्रास चालतं. धावून आलेल्या टायरमधली हवा ६५ अंशांपर्यंत तापलेली असली, तर ते ३३ पौंड त्या तापलेल्या हवेचे आहेत. रात्रभर गाडी उभी राहून सकाळी टायर २८ अंशांवर आला की त्यात २८ पौंडांच्या आसपासच उरतात. म्हणजे फुटू नये म्हणून केलेला उपाय नेमका फुटण्याची तयारी करून ठेवतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. धुळ्याची थंडी काही कमी नाही, जानेवारीत पारा दहापर्यंत आणि कधी त्याखालीही उतरतो. १० अंशांना भरलेले ३३ पौंड ४४ अंशांना ३८ च्या पुढे जातात. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ धरलेलीच असते. ती काढायची नसते. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी किंवा घराजवळच्या पंपावर एक-दोन किलोमीटरच्या आत मोजावी, आणि दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढी भरावी. नायट्रोजन भरला म्हणून हा नियम बदलत नाही. तापल्यावर तोही तेवढाच फुगतो. त्याचा एक फायदा हा की तो कोरडा असतो.

बुटक्या टायरला या बाबतीत आणखी एक बारीक अट असते, जी दुकानात सहसा सांगत नाहीत. २१५/४० आर १७ चा साधा टायर ८३ भाराचा, म्हणजे ४८७ किलोचा असतो. मूळ टायरपेक्षा कमी. म्हणून त्यात एक्सएल, म्हणजे जादा भाराचा ८७ नंबरचा टायर घ्यावा लागतो. पण एक्सएलचे ते ५४५ किलो जास्त दाबाला धरलेले असतात. पट्टीवरचेच ३३ पौंड भरले तर तो मूळ टायरएवढंही वजन पेलत नाही. त्याला दोन-तीन पौंड जास्त द्यावेच लागतात. हवा जास्त, उशी कमी. खड्ड्यात काय होईल ते वर सांगून झालं आहे.

आणि रुंदी? रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असं सरधोपट मानलं जातं. साध्या हिशोबाने, चाकावर २५० किलो वजन आणि ३३ पौंडांची हवा असेल तर रस्त्याला टेकणारा तुकडा सुमारे १०८ चौरस सेंटिमीटरचा होतो. टायर रुंद केला, वजन आणि हवा तेवढीच ठेवली, तर तुकडा जवळपास तेवढाच राहतो. फक्त लांबट होता तो आडवा होतो. वळणावर आडव्या तुकड्याचा फायदा असतो, हे खरं. पण पावसात तोच आडवा तुकडा पाणी बाजूला सारायला कमी पडतो. साक्रीपुढे कोंडाईबारीच्या घाटात, नवापूरच्या बाजूला, जुलैत पाणी रस्त्यावरून वाहत असतं. तिथे रुंद आणि झिजलेला टायर लवकर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. ३३ पौंडांच्या टायरला ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास हा धोका सुरू होतो, नक्षी उथळ असेल तर त्याआधी. कायदा नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर मागतो. खान्देशच्या पावसाळ्यात मी ३ मिलिमीटरखाली जाऊ देणार नाही. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ ही २०० अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार आणली तेव्हा तिला मुद्दाम साधे २१५/४५ आर १७ टायर दिले, चालवणाऱ्याला गाडीचा तोल हाताला कळावा म्हणून. १०५ अश्वशक्तीला १९५ पुरेसे आहेत. पैसे रुंदीत घालण्यापेक्षा चांगल्या रबरात घालावेत. साईडवॉलवर ट्रॅक्शन आणि टेंपरेचर अशी दोन अक्षरं असतात. टेंपरेचरला 'ए' असलेला टायर खान्देशासाठी घ्यावा, हे मला रिमच्या डिझाइनपेक्षा दहापट महत्त्वाचं वाटतं.

रिम निवडताना तीन आकडे जुळलेच पाहिजेत. पोलोला ५ बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं; आणि ऑफसेट, म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर, कंपनीच्या आकड्याजवळचं. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येतं, गाडी रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि चार माणसं बसली की टायर कमानीला घासतो. मधलं भोक मोठं असेल तर रिंग टाकून भरून घ्यावं, नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर जात नाही. नावाजलेल्या डिझाइनच्या स्वस्त नकला जड असतात आणि खड्ड्यात तडकतात. रिमच्या आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी चाचणीचे ठसे शोधावेत, आणि वजनकाट्यावर रिम ठेवायला सांगायला लाजू नये. स्प्रिंगखालचा प्रत्येक किलो गाडीला जड पडतो.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी पंचनाम्यात चाकाचं माप लिहिते, तेव्हाही हा प्रश्न उभा राहतो. कंपनीनेच त्या मॉडेलला दिलेलं दुसरं माप घेतलं, जसं जीटीला १९५/५५ आर १६, की या वादाची बरीचशी धार जाते.

ज्यांना खरोखर वेग अनुभवायचा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आग्रा रोडने शिरपूर, पळासनेर, बिजासनचा घाट, सेंधवा करत गेलं की इंदूरच्या अलीकडे पीथमपूर लागतं. तिथे नॅट्रॅक्स या संस्थेचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. आशियातला सगळ्यात लांब. वळणं अशी कलती बांधली आहेत की ताशी २५० च्या वेगाला स्टिअरिंग न वळवता गाडी वळण घेते. देशात बनणाऱ्या गाड्या तिथे तपासल्या जातात. तिथे ना खड्डा, ना बैल, ना उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर. तिथे ३० आणि ३५ च्या साईडवॉलला अर्थ आहे आणि वेगाच्या अक्षराची खरी कसोटी लागते. पण त्या ट्रॅकपर्यंत जाणारा दोनशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आपल्यासारखाच आहे, आणि गाडीला तो दोनदा कापायचा असतो.

तेव्हा धुळ्याच्या पोलो जीटीला १९५/५५ आर १६, ८७व्ही, सहा-साडेसहा इंच रुंदीच्या हलक्या रिमवर. आणि पंधरावर समाधान असेल तर १८५/६० आर १५ च चांगल्या कंपनीचा. टायर विकत घेताना साईडवॉलवरचा चार आकडी शिक्का वाचावा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. उन्हात पत्र्याच्या गोदामात दोन वर्षं पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नये. चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे असावेत, नाहीतर एबीएसचा हिशोब बिघडतो. स्टेपनी मूळ मापाचीच राहिली असेल तर ती लावून गाडी ८० च्या वर नेऊ नये. बसवल्यावर अलाईनमेंट करून घ्यावी. बोल्ट इम्पॅक्ट गनने आवळून सोडू देऊ नयेत. टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळायला सांगावेत, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.